दुसऱ्या हाताची सही

जुने कपाट खरवडून, सांधे पुन्हा बसवून, पॉलिशचे हात देऊन झाले की काम करणाऱ्याच्या मनात एक प्रश्न हमखास येतो. यावर आपले नाव घालावे का? घालावे तर कुठे, केवढे आणि कोणाला विचारून? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, पण एकाच वस्तूवर तिघांचा हक्क असल्यामुळे तो अवघड होऊन बसतो. पहिला, ती घडवणारा सुतार. तो बहुधा हयात नसतो आणि त्याचे नावही कोणाला ठाऊक नसते. दुसरा मालक. वस्तू त्याची, पैसेही त्याचे. तिसरा दुरुस्ती करणारा. घाम त्याचा, अक्कल त्याची, पण वस्तू ना त्याने घडवलेली, ना त्याच्या मालकीची. या तिसऱ्या माणसाने सही कशी करावी याचे काही संकेत आहेत. जुन्या फर्निचरचे काम करणारे मिस्त्री, पॉलिशवाले आणि हौसेने घरची खुर्ची-टेबले सुधारणारे यांच्यासाठी ते एकत्र मांडावेत, एवढाच या पुस्तिकेचा हेतू.

पुस्तिकेचे मुख्य म्हणणे आधीच सांगून टाकतो. दुरुस्ती करणाऱ्याची सही वाचणारा माणूस म्हणजे पुढचा दुरुस्ती करणारा. दिवाणखान्यात बसलेल्या पाहुण्याने ती वाचायची नाही. तीस-चाळीस वर्षांनी तेच कपाट ज्याच्यापुढे उघडे पडेल, त्याच्यासाठी ती लिहायची. हे एकदा मान्य केले की जागा, आकार, मजकूर, साधन याविषयीचे बहुतेक वाद आपोआप मिटतात.

नाव घालण्याचे आपल्याला वावडे आहे असे मुळीच नाही. लग्नात आलेल्या पातेल्यांवर देणाऱ्याचे नाव असते. शाळेतल्या बाकावर, पाणपोईवर, देवळाच्या फरशीवर कोणा ना कोणाच्या स्मरणार्थ काही लिहिलेले असते. पण ही सगळी देणाऱ्यांची नावे. पातेले ठोकणाऱ्या तांबटाचे किंवा बाक जोडणाऱ्या सुताराचे नाव शोधून सापडायचे नाही. घडवणाऱ्याने आपले नाव लावल्याची उदाहरणे विरळ, म्हणूनच ती लक्षात राहतात. कर्नाटकातल्या होयसळ देवळांत मल्लितम्मासारख्या शिल्पकारांनी मूर्तींखाली आपली नावे कोरली. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचे नाव आहे. राजधानी उभी करणाऱ्याने नावासाठी जागा निवडली ती लोकांचे पाय लागतील अशी.

दुरुस्ती करणाऱ्याच्या नावाचीही आपल्याकडे जुनी वाट आहे, ती जीर्णोद्धाराच्या शिलालेखांची. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार आधी मालोजीराजे भोसल्यांनी केला, पुढे अठराव्या शतकात होळकरांनी. देवस्थान मूळचे आपले असल्याचा दावा दोघांपैकी कोणाचाच नाही. जीर्णोद्धाराच्या लेखाची रीतच अशी की मोडकळीस आलेले पुन्हा उभे केले, कोणी केले आणि कोणत्या शकात, एवढे सांगून तो थांबतो. लाकडाच्या दुरुस्तीची नोंद लिहिताना हाच कित्ता गिरवायला हरकत नाही.

फर्निचरच्या बाबतीत हा प्रश्न कायद्याच्या कक्षेत आला तो पॅरिसमध्ये. तिथल्या सुतारांच्या संघाने १७४३ मध्ये नियम केले आणि १७५१ मध्ये ते अधिकृतपणे नोंदले गेले. प्रत्येक उस्तादाने आपल्या नावाचा लोखंडी ठसा करून घ्यायचा आणि विकायच्या वस्तूवर तो मारायचा, असे बंधन आले. ठशाची जागा नजरेआडची असे. खणांच्या कपाटावर तो संगमरवरी फळीच्या खाली सापडतो, खुर्चीवर बैठकीच्या पट्टीच्या खाली. संघाचे तपासनीस वस्तू पाहून पसंत पडली तर शेजारी संघाची तीन अक्षरे उमटवत. राजाच्या पदरी असलेल्या कारागिरांना या बंधनातून सूट होती. १७९१ मध्ये क्रांतीच्या सरकारने संघच बरखास्त केले आणि सक्ती संपली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. दुरुस्तीला आलेल्या वस्तूवरही हे उस्ताद आपला ठसा मारत. त्यामुळे आज एकाच कपाटावर दोन दोन ठसे सापडतात आणि त्यांतला घडवणारा कोण, डागडुजी करणारा कोण, हे ठरवताना संग्रहालयांतल्या जाणकारांचा कस लागतो. ठशात नाव होते, पण त्या नावाने केले काय, हे नव्हते. नुसते नाव किती घोटाळा करू शकते याचा इतका चांगला धडा दुसरीकडे मिळणार नाही. व्हर्सायच्या राजवाड्यात पंधराव्या लुईचे जे प्रसिद्ध लिहिण्याचे मेज आहे, त्याचे काम १७६० मध्ये ओबेन या कारागिराने सुरू केले. १७६३ मध्ये तो वारला. त्याच्याच कारखान्यातल्या रिझनरने ते १७६९ मध्ये पुरे केले. मेजावर सही आहे ती रिझनरची. काम त्याचे अस्सल होते यात वाद नाही, पण नुसत्या सहीवर विसंबणाऱ्याला ओबेनचा पत्ता लागणार नाही.

हे झाले दरबारी लाकूड. आपल्या घरातले साधे सागवानी कपाट घ्या. त्याचा एक खण पूर्ण बाहेर काढून उलटा करा. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या त्या वस्तूची खरी जन्मकथा खाली आहे. तळफळीला रंधा लागलेला नसतो. तिच्यावर करवतीच्या रेघा असतात. त्या सरळ आणि कमीजास्त अंतराच्या असतील तर करवत हाताची, कमानीसारख्या वळत असतील तर फिरत्या पात्याची. खणाच्या पाठीवर पटाशीने मारलेल्या दोन खाचा आणि कपाटाच्या आतल्या आडव्या पट्टीवर तशाच दोन खाचा दिसल्या तर समजावे, हा खण वरून दुसरा. सुताराने जोडीसाठी घातलेली ती खूण आहे. कोपऱ्यात पेन्सिलीने मांडलेला मापाचा हिशेब असतो. कडेवरून ओघळून सुकलेले जुन्या पॉलिशचे थेंब असतात. तळाशी असे सारे दप्तर असताना वरची बाजू चकचकीत करून निघून जाणे, आणि आपण काय केले याची एक ओळही तिथे न ठेवणे, हा पुढच्या माणसावर अन्याय आहे.

अन्याय का, ते द्रव्यांवरून कळेल. लाखेचे पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळते. शंभर वर्षांनीसुद्धा स्पिरिटचा बोळा फिरवून ते मऊ करता येते आणि त्यावरच नवा हात देता येतो. मेलामाइन किंवा पीयूचा थर एकदा वाळून पक्का झाला की स्पिरिटला दाद देत नाही, तो खरवडावाच लागतो. सरसाने जोडलेला सांधा गरम पाण्याने आणि वाफेने सैल होतो. फेविकॉलचा तसा सुटत नाही, आणि इपॉक्सीचा सोडवायला गेलात तर कुसू तुटून हातात येते. जुन्या ऑइलपेंटचा प्रश्न तर आरोग्याचा आहे. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी ठरली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचा रंग सँडपेपरने घासताना उडणारी धूळ छातीत गेली तर काय, याची काळजी घ्यावीच लागते. आतल्या कोपऱ्यांत जुना रंग राहिला आहे एवढे कोणी लिहून ठेवले तर पुढचा माणूस मास्क लावून आणि पाणी मारून कामाला बसेल. दुरुस्तीची नोंद म्हणजे त्या वस्तूचा केसपेपर. डॉक्टर बदलला तरी औषधे कोणती चालली होती हे त्यावरून कळते.

घड्याळजींना हे फार पूर्वी उमगले. जुन्या मनगटी घड्याळाचे मागचे झाकण उघडले तर आतल्या बाजूला सुईच्या टोकाने ओरखडलेली बारीक अक्षरे आणि तारखा सापडतात. घड्याळ वापरणाऱ्याला त्या आयुष्यात दिसत नाहीत. दिसतात त्या फक्त पुढच्या घड्याळजीला. व्हायोलिन दुरुस्त करणारेही पेटीच्या आत दुरुस्तीची वेगळी चिठ्ठी लावतात आणि मूळ कारागिराची चिठ्ठी जागच्या जागी राहू देतात.

लपलेल्या जागी लिहिणाऱ्याला वाचक कोण हे पक्के ठाऊक असते, याचे सर्वांत विलक्षण उदाहरण फ्रान्सच्या आल्प्स भागातल्या पिकोंताल किल्ल्यात सापडले. १८८०-८१ मध्ये तिथे लाकडी जमीन बसवणारा जोआकिम मार्तां हा सुतार फळ्यांच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने लिहीत गेला. स्वतःविषयी लिहिले, गावाविषयी लिहिले, उघडपणे बोलता न येणाऱ्या गावातल्या भानगडीही लिहिल्या. जमीन पुन्हा उचकटली जाईपर्यंत हे कोणी वाचणार नाही आणि वाचेल तेव्हा आपण नसू, हे तो जाणून होता. सुमारे १२० वर्षांनी फळ्या निघाल्या. झाक-ओलिव्हिए बुदाँ या इतिहासकाराने त्यावर २०१७ मध्ये पुस्तक लिहिले. गावगप्पा लिहाव्यात असा आमचा आग्रह नाही. पण शिसपेन्सिलीचे अक्षर अंधारात सव्वाशे वर्षे टिकते, ही माहिती मात्र आमच्या थेट कामाची आहे.

नाव घालण्याआधी एक पायरी येते, ती म्हणजे आधीचे नाव न पुसण्याची. सर्वांत जास्त नुकसान इथेच होते आणि तेही चांगल्या हेतूने होते. मुंबईच्या इराणी हॉटेलांत दिसणाऱ्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांचा आद्य नमुना व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीची १४ क्रमांकाची खुर्ची, साल १८५९. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यात ती उभी राही आणि सुटे भाग करून जहाजात भरता येई. थोनेट आणि त्याच्या स्पर्धक कंपन्या आपला ठसा किंवा कागदी चिठ्ठी बैठकीच्या गोल कड्याच्या आतल्या बाजूला लावत. खुर्ची अस्सल की नक्कल हे ठरवायला ती मोठी खूण. बैठकीचा वेत नवा विणायचा म्हणून खुर्ची उलटी केली, हात लागला म्हणून आतूनही सँडपेपर मारला, की पाच मिनिटांत ती खूण भुकटी होऊन जमिनीवर पडते.

चंदीगडची कथा याहून बोलकी आहे. नवे शहर वसवताना पिएर जाँनरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकापासून तिथल्या कचेऱ्यांसाठी, कॉलेजांसाठी, न्यायालयासाठी सागवान आणि वेताचे फर्निचर तयार करवले. सरकारी शिरस्त्याप्रमाणे त्यावर खात्याची अक्षरे आणि अनुक्रमांक रंगाने टाकले गेले. ती अक्षरे ओबडधोबड, कुठेही ठोकून दिलेली. आपल्याकडच्या सरकारी कचेरीतल्या खुर्चीच्या पाठीवर असतात तशीच. पुढे या खुर्च्या मोडीत निघाल्या, लिलावात किरकोळ भावाने गेल्या आणि काही वर्षांनी परदेशी लिलावांत त्यांना डोळे विस्फारतील अशा किमती आल्या. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने या वारसा फर्निचरच्या विक्रीला आणि निर्यातीला आळा घालणारे आदेश काढले. आता ती कुरूप अक्षरे हाच त्या खुर्चीचा जन्मदाखला ठरतो. लाकूड स्वच्छ दिसावे म्हणून ज्याने ती खरवडली, त्याने दाखलाच फाडला. आणि हा दाखला मोलाचा ठरल्याबरोबर नकली खुर्च्यांवर नकली अक्षरे रंगवणारेही निघाले.

फसवणुकीचा मुद्दा निघालाच आहे तर अमेरिकेतल्या ब्रूस्टर खुर्चीची गोष्ट सांगायलाच हवी. सतराव्या शतकातल्या वसाहतकाळच्या या कातीव दांड्यांच्या खुर्च्या जगात मोजक्याच. आर्माँ लामाँटान्य या शिल्पकाराला जाणकारांची फजिती करायची होती. त्याने १९६९ मध्ये तशी खुर्ची बनवली, ती जुनी दिसेल असे तिचे हाल केले आणि ती बाजारात सोडली. हातोहात फिरत ती हेन्री फोर्ड संग्रहालयाने १९७० मध्ये ९,००० डॉलरला विकत घेतली. १९७७ मध्ये बिंग फुटले. खुर्ची आपलीच हे सिद्ध करण्यासाठी त्याने भोके मुद्दाम आधुनिक गिरमिटाने पाडून ठेवली होती. दांडे बसवल्यावर ती भोके बाहेरून दिसत नव्हती. संग्रहालयाने ती खुर्ची फेकली नाही, शिकवण्यासाठी जपून ठेवली. आपण यातून घ्यायचे ते असे: खूण नजरेआड असावी, पण शोधणाऱ्याला ती वस्तू न मोडता सापडावी. जिचा पत्ता फक्त करणाऱ्यालाच आहे, ती खूण पुढच्या माणसाला निरुपयोगी.

वास्तूंच्या जतनाचे तज्ज्ञ याच निष्कर्षाला आले आहेत. १९६४च्या व्हेनिस सनदेत म्हटले आहे की गेलेल्या भागाच्या जागी घातलेला नवा भाग मूळ रचनेशी जुळणारा हवा, तरी मुळापासून वेगळा ओळखू यायला हवा. तसे झाले नाही तर दुरुस्तीच कला आणि इतिहास यांचा खोटा पुरावा बनते. सनद स्मारकांसाठी आहे. पण कपाटाचा नवा पाय जुन्या पायासारखा रंगवून गप्प बसायचे की आतल्या बाजूला ‘नवा’ असे लिहायचे, हा प्रश्नही त्याच जातीचा आहे.

आता संकेत. ते पुढील प्रकरणांत सविस्तर आहेत, इथे फक्त सार देतो.

नाव घालण्याजोगे काम झाले आहे का, हे आधी स्वतःला विचारावे. धूळ पुसून मेण लावले, बिजागरीचा स्क्रू आवळला, एवढ्याने नाव घालायचा हक्क येत नाही. थर काढला, भाग बदलला, सांधा उघडला, तर नोंद हवीच.

जागा आतली. खणाची पाठ किंवा तळ, पाठफळीची आतली बाजू, टेबलाच्या फळीचा खालचा भाग, बैठकीच्या चौकटीची आतली कड. मूळ कारागिराच्या खुणेपासून हातभर दूर. आधीच्या दुरुस्तीवाल्याची नोंद असेल तर तिच्याखाली आपली, तिच्यावर नाही. त्याचे काम आपल्याला पसंत नसले तरी.

साधन मऊ शिसपेन्सिल. ती उडत नाही, पसरत नाही आणि हवी तर पुसता येते. बॉलपेनची आणि मार्करची शाई पॉलिशच्या द्रावणाने फुटते. छिन्नी, तापवलेली सळई, ठसा ही घडवणाऱ्याची साधने. दुसऱ्याच्या लाकडात कायमचा घाव घालण्याचा अधिकार दुरुस्ती करणाऱ्याला नाही. कागद चिकटवायचाच असेल तर खळीने चिकटवावा, ओल्या फडक्याने तो निघतो. छापील स्टिकरचा गोंद लाकडावर डाग सोडतो.

मजकूर कामापुरता. उदाहरणार्थ: ‘दुरुस्ती व पॉलिश (नाव), सांगली, मार्च २०२५. जुने ऑइलपेंट काढले, आतल्या कोपऱ्यांत शिल्लक. लाखेचे पॉलिश. डावा मागचा पाय नवा, सागवान. सांधे सरसाने.’ यात मोबाइल नंबर नाही, ‘सर्व प्रकारची कामे केली जातील’ नाही. जाहिरात करायची तर खणात सुटे कार्ड ठेवावे. मालकाला नको असेल तर तो ते काढून टाकील.

परवानगी मालकाची. नाही म्हणाला तर विषय संपला; तोच मजकूर बिलावर लिहून द्यावा. वस्तू शंभर वर्षांहून जुनी आणि मोलाची असेल तर लाकडावर काहीच लिहू नये. १९७२च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षे ही मर्यादा आहे. अशा वस्तूची नोंद फोटोंसह कागदावर ठेवावी आणि हात लावण्याआधी संग्रहालयातल्या जतनतज्ज्ञाला विचारावे.

एक संकेत आम्ही मुद्दाम ठसठशीत मांडला आहे. नाव ज्याने काम केले त्याचे असावे. मुंबईच्या चोर बाजारात किंवा जोगेश्वरीच्या ओशिवऱ्यात मागच्या गाळ्यात बसून लाखेचा बोळा फिरवणारा एक असतो आणि पाटीवर नाव दुसऱ्याचे असते. दुकानाचे नाव घालण्यास ना नाही, पण त्याच्याशेजारी कारागिराचेही यायला हवे. तीन माणसांनी मिळून काम केले असेल तर तिघांची नावे आली तरी पेन्सिल झिजत नाही. याउलट, साध्या टेबलावर कोणी स्वतःच्या कल्पनेने चित्रकाम केले तर ते नवे काम आहे. त्यावर चित्रकाराने दर्शनी कोपऱ्यात सही केली तरी ती शोभते, मात्र सही चित्राची आहे, टेबलाची नाही, हे तळाशी लिहिलेले असावे.

काही जण म्हणतील, आपल्या परंपरेत कारागीर नाव लावत नसे, तेच बरे होते. नम्रता म्हणून हे ऐकायला गोड आहे. पण नाव न लावणे हे बहुतेक वेळा कारागिराने निवडलेले नव्हते. त्याला कोणी विचारलेच नव्हते. शिवाय नावासोबत जबाबदारी येते. तळाशी आपले नाव आणि द्रव्ये लिहायची आहेत हे ठाऊक असलेला माणूस सडक्या भागात लांबी भरून वरून रंग मारण्याआधी दोनदा विचार करतो.

पुस्तिकेचे तीन भाग आहेत. पहिल्यात जुन्या खुणा कशा शोधायच्या आणि जपायच्या, दुसऱ्यात नोंद कशी लिहायची, तिसऱ्यात मालक, दुकानदार आणि कारागीर यांच्यात उद्भवणारे पेच. पॉलिश कसे करावे हे यात नाही. त्याचा उस्ताद प्रत्येक गावात आहे, त्याच्याकडे बसूनच ते शिकावे. घरची खुर्ची घरीच सुधारणाऱ्यांनी दुसऱ्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल. तुम्हीच मालक आणि तुम्हीच कारागीर, तेव्हा परवानगीचा प्रश्न नाही. नोंदीचा मात्र आहे, आणि तो बहुतेक जण टाळतात.

वाचकांना विनंती एकच. पुढचे काम हातावेगळे करून वस्तू परत देण्यापूर्वी मालकाला विचारा, तो हो म्हणाला तर खण उलटा करा आणि नाव, तारीख, केलेले काम अशा दोन ओळी पेन्सिलीने लिहा. आधी कोणी लिहून ठेवले असेल तर त्याला धक्का लावू नका.